पहिलवानताईंनी उचलणं सोडलं

त्यांना पहिलवान हे नाव कुणी ठेवलं यावर वॉर्डात एकमत नव्हतं. मामा म्हणायचे, मी ठेवलं. मामा म्हणजे वॉर्डातले सगळ्यांत जुने कामगार. जगातल्या बऱ्याच गोष्टींचं श्रेय स्वतःकडे घ्यायची त्यांना खोड होती, त्यामुळे त्यांचं बोलणं कुणी फारसं मनावर घेत नसे. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. हजेरीपटावर एक आणि लोकांच्या तोंडी दुसरं. पेशंटसुद्धा दोन-चार दिवस राहिला की बिनदिक्कत ‘पहिलवानताई’ अशी हाक मारायचा.

नाव काही उगाच पडलं नव्हतं. ताईंच्या वडिलांची लाकडाची वखार होती. मुलगी म्हणून तिथे कुणी सूट दिली नाही. भावांच्या बरोबरीने फळ्या वाहिल्या, ओंडके लोटले. उंची बेताची, पण खांदे रुंद आणि मनगट असं, की सलाइनच्या स्टँडचा गंजलेला स्क्रू फिरेना झाला की डॉक्टर स्टँडच ताईंकडे पाठवून द्यायचे. हाडांच्या वॉर्डात नर्स म्हणून लागल्या आणि तिथेच रमल्या. हाडांच्या वॉर्डात माणसं आजारी कमी आणि जड जास्त. कुणाचा पाय टांगलेला, कुणाचं कंबरेपासून खाली सगळं प्लास्टरमध्ये. पलंगावरून घसरून पायथ्याशी गोळा झालेल्या माणसाला पुन्हा उशीपर्यंत सरकवायचं, खुर्चीत बसवायचं, खुर्चीतून पुन्हा पलंगावर घ्यायचं, हे दिवसभर चालूच. इतर सिस्टर जोडीला कुणी येतं का म्हणून इकडेतिकडे बघत. ताई बघत नसत. पेशंटच्या काखेत हात घालायचा, म्हणायचं, ‘तुम्ही फक्त पडून राहा, मी आहे ना,’ आणि तो काही बोलायच्या आत काम झालेलं असे.

लोक कौतुक करायचे आणि ताईंना ते आवडायचं. का नाही आवडणार? नव्या मुली डोळे मोठे करून बघायच्या. शेजारच्या वॉर्डातून निरोप यायचा, जरा पहिलवानला पाठवा. ताई हातातलं काम टाकून जायच्या आणि परत येताना चाल थोडी ऐटीत पडायची.

कंबर गेली ती अशाच एका साध्या सकाळी. एका म्हाताऱ्या शिंप्याला खुर्चीत बसवून चादर बदलत होत्या. तो एकाएकी पुढे कलला. ताईंनी वळून त्याला हवेतच झेललं. आत, पाठीच्या तळाशी, ताणलेली सुतळी सुटावी तसं काहीतरी सुटलं. दुखलं नाही. त्यांनी शिंप्याला पलंगावर घेतलं, पांघरूण नीट केलं, उरलेल्या पेशंटांच्या गोळ्या वाटल्या. मग खिशातलं पेन खाली पडलं ते उचलायला वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या. मामांनी आणि दोन सिस्टरनी मिळून त्यांना त्यांच्याच वॉर्डातल्या रिकाम्या पलंगावर निजवलं. शिंपी शेजारच्या पलंगावरून सारखा माफी मागत होता आणि ताई छताकडे बघत त्याला समजावत होत्या की तुमचा काही दोष नाही.

मणक्यातली चकती सरकली होती. पुष्कळ दिवस घरी काढले. हाडांचे डॉक्टर वर्षानुवर्षांच्या ओळखीचे. त्यांनी आडवळण न घेता सांगून टाकलं की ऑपरेशन टळलं, पण यापुढे भरलेल्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही. ताईंनी विचारलं, किती दिवस? डॉक्टर म्हणाले, दिवस नाही, आता कायमचंच.

त्या रुजू झाल्या तेव्हा मेट्रनबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. मेट्रनबाई शिस्तीच्या, कमी बोलणाऱ्या. खुर्चीवर बसल्या तरी उभ्या असल्यासारख्या दिसायच्या. वॉर्डाचं काम आता जमणार नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. ते दोघींनाही माहीत होतं. इस्पितळात कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेचं काम बघायला एक माणूस हवा, असं वरून बऱ्याच दिवसांपासून सांगत होते आणि ते काम कुणीच घेत नव्हतं. काम करताना कुणाला इजा होऊ नये एवढं बघायचं. चादरींच्या कोठारालगतची एक खोली रिकामी होती. तिथे टेबल-खुर्ची मिळेल.

ताईंनी मान डोलावली. खोलीत जाऊन बसल्या. खोलीला धुतलेल्या चादरींचा वास होता आणि खिडकीतून फक्त सायकलींची शेड दिसत होती. बाहेर मामा कुणाला तरी सांगत होते की पहिलवानाला आता प्रेक्षकांत बसवलं. मामांच्या मनात वाईट नव्हतं, पण ताईंना ते लागलं. घरी गेल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, “मला अडगळीत टाकलंय.” नवरा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. तो चष्म्यावरून बघत म्हणाला की अडगळीत बऱ्याच कामाच्या वस्तू सापडतात, माझा धंदाच त्यावर चालतो. ताईंना हसू आलं नाही.

पण रिकामं बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्या इस्पितळभर हिंडायला लागल्या. इतकी वर्षं त्याच जागी वावरून जे दिसलं नव्हतं ते आता दिसू लागलं, कारण आता हातात ट्रे नव्हता आणि पायात घाई नव्हती. वापरलेल्या सुया टाकायचा डबा दाराशी, आणि इंजेक्शन द्यायचं पलंगापाशी; मधल्या वाटेत उघडी सुई हातात धरून सगळे चालत होते. ताईंनी डबे ट्रॉलीलाच बांधून घेतले. हातमोजे सगळे मोठ्या मापाचे येत होते. लहान हातांच्या मुलींच्या बोटांच्या टोकाशी रबराच्या शेपट्या लोंबत आणि नेमकी तिथेच सुई टोचे. कोठारवाल्याच्या मागे लागून त्यांनी लहान मापाचे आणवले. धुलाईखान्यात चादरींच्या गाठोड्यांत सुया सापडत. त्या कुठल्या वॉर्डातून येतात ते शोधून तिथल्या सिस्टरशी चहा पिता पिता बोलल्या. ऑक्सिजनच्या टाक्यांना साखळ्या लावल्या. फरशी पुसायची वेळ बदलली, म्हणजे नाश्त्याच्या गाड्या ओल्या फरशीवरून जाणार नाहीत. कुणी वाद घातला नाही. ताईंचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती.

फक्त एका गोष्टीत त्यांचं काही चालेना. ती म्हणजे माणसं उचलणं.

माणूस उचलायचं यंत्र इस्पितळात होतं. पट्ट्यांची झोळी पेशंटच्या अंगाखाली सरकवायची, हुक अडकवायचे, बटण दाबायचं. यंत्र त्याला अलगद वर घेतं. पण ते कोठारात कोपऱ्यात उभं होतं आणि त्याच्यावर जुनी चादर घातली होती. ताईंनी ते पुसून घेतलं आणि सगळ्या सिस्टर आणि कामगारांना जमवून कसं वापरायचं ते समजावलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा कोपऱ्यात. त्याला वेळ लागतो, पट्टे अडकतात, पेशंट घाबरतात, अशी कारणं. एक सिस्टर तर तोंडावरच म्हणाली, “ताई, जन्मभर तुम्ही उचललंत. आणि आता आम्हाला सांगता, उचलू नका?”

ताईंनी यंत्राचे पट्टे गुंडाळून हुकाला अडकवले.

हाडांच्या वॉर्डात तेव्हा एक तरुण सिस्टर होती. हाताची चपळ, मनाची चांगली. ताईंच्या जागेवर तीच आली होती. ती एकटीच पेशंट उचलायची आणि सगळे तिला कौतुकाने धाकटी पहिलवान म्हणू लागले होते. ताईंच्या कानावर ते आलं तेव्हा त्यांना आत कुठेतरी बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला. एकदा त्या वॉर्डात असताना धाकटीने वरच्या फळीवरून सामान काढायला हात उंच केले. गणवेशाचा शर्ट वर सरकला. आत कंबरेला रुंद, ताठ पट्टा आवळलेला होता, दुखऱ्या पाठीचे लोक बांधतात तसला.

धाकटीने ताईंकडे पाहिलं आणि शर्ट खाली ओढला. ताईंनी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, थोडं अवघडलंय, होईल बरं. ताई तशाच चालत इस्पितळासमोरच्या औषधांच्या दुकानात गेल्या. दुकानदाराला विचारलं, हे कमरेचे पट्टे कोण नेतं हो? त्याला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. म्हणाला, “कोण म्हणजे? तुमचीच माणसं. पेशंटपेक्षा स्टाफच जास्त नेतो. मामा तर दरवर्षी नवा नेतात.”

ताई रस्ता ओलांडून परत आल्या आणि खोलीत जाऊन बसल्या. आपली कंबर अपघाताने गेली असं त्या आजवर धरून चालल्या होत्या. शिंपी कलला नसता तर गेली नसती. आता वाटलं, शिंप्याच्या आधी कित्येक जण होते, आणि प्रत्येकाने थोडी थोडी नेली होती. आणि आपल्याकडे बघून बाकीचेही आपापली देऊन बसले होते.

घरी वेगळाच पेच होता. सासूबाई न्हाणीघरात पडून त्यांचं मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, त्या घरी आल्या, पण पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर कुणीतरी घ्यावं लागे. ताईंना मनाई. नवरा घ्यायचा, पण तो मशीनवाला माणूस. आईलाही मशीन हलवावं तसं दोन झटक्यांत हलवायचा. सासूबाईंचं अंग जागेवर असलं-नसलं तरी जीभ जागेवर होती. त्या म्हणायच्या, बाबा, मला उचलण्याआधी एकदा तेलपाणी तरी करत जा.

एका दुपारी नवरा मशीन पोचवायला गेला होता आणि सासूबाईंना खुर्चीत बसायचं होतं. थांबायला त्या तयार नव्हत्या. ताईंनी दार बंद आहे का ते पाहिलं, जणू डॉक्टर बाहेरच उभे आहेत, आणि सवयीने सासूबाईंच्या काखेत हात घातले.

“आई, तुम्ही फक्त पडून राहा, मी आहे ना.”

सासूबाईंनी त्यांच्या हातावर फटका मारला. लहान पोरीला मारावा तसा.

“काढ ते हात. एक मोडून पडलीय ती पुरे आहे घरात. आणि काय गं, पडल्यापासून बघते, जो तो मला म्हणतो पडून राहा. इस्पितळात तेच, घरात तेच. मला काही येतं का, हे कुणी विचारलंय?”

ताई म्हणाल्या, “तुम्हाला येतंय उठता?”

“मला काय माहीत? उठू दिलंय कुणी?”

ताई हात मागे घेऊन उभ्या राहिल्या. हात मोकळे ठेवून पेशंटशेजारी उभं राहायची त्यांना सवय नव्हती. ते कुठे ठेवावेत तेच कळेना. मग विचारलं, चांगला पाय टेकवता येईल का? सासूबाईंनी गुडघा वाकवून पाऊल गादीत रोवलं. कुशीवर वळता येईल का? त्यांनी पलंगाची कड धरली, तोंडाने कुणाकुणाचा उद्धार केला आणि वळल्या. वळून दम खाल्ला. कोपरावर जोर दिला. ताईंनी फक्त खांद्यामागे तळहात ठेवला, जोर न लावता. सासूबाई उठून बसल्या. केस विस्कटलेले, चेहरा लाल, आणि एखादा किल्ला सर केल्याचा भाव.

आता खुर्ची. खुर्ची आणि पलंग यांच्यामध्ये वीतभर फट होती, आणि ती फट म्हणजे दरी. ताईंनी खोलीभर नजर फिरवली. भिंतीशी नवऱ्याने एका जुन्या शिलाई मशीनच्या टेबलाची फळी काढून ठेवली होती. वर्षानुवर्षं कापड सरकून सरकून काचेसारखी गुळगुळीत झालेली. ताईंनी ती पलंग आणि खुर्ची यांच्यावर पुलासारखी टेकवली, हलते का पाहिली, खुर्चीमागे स्वतःचा पाय लावला. सासूबाई फळीवर बसत, हातांनी रेटत, थोडं थोडं सरकत खुर्चीत गेल्या. त्याला वेळ लागला. ताईंनी काहीच उचललं नव्हतं.

संध्याकाळी नवरा आला आणि फळी शोधू लागला. सासूबाई खुर्चीतूनच म्हणाल्या की फळी आता मिळणार नाही, दुसरी बघ.

त्या दिवशी ताईंच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. तोंडात बसलेलं ते वाक्य, ‘तुम्ही फक्त पडून राहा.’ किती जणांना आपण ते म्हटलं असेल. मायेने म्हटलं, त्यात खोट नव्हती. पण ज्यांना निम्मं अंग स्वतः हलवता आलं असतं त्यांनाही आपण लाकडासारखं निजवलं, आणि मग लाकडासारखं उचललं.

दुसऱ्या दिवशी त्या हाडांच्या वॉर्डात गेल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला एक बेकरीवाला होता, चांगलाच भरलेल्या अंगाचा. त्याला खुर्चीत घ्यायला धाकटी, मामा आणि आणखी एक जण बाह्या सरसावून उभे होते. ताईंनी त्यांना थांबवलं आणि बेकरीवाल्याजवळ स्टूल ओढून बसल्या. विचारलं, घरी तुम्ही पलंगावरून कसे उठता?

तो गोंधळला. मग म्हणाला, डाव्या कुशीवर होतो आणि हातावर जोर देतो. इथे तसं का करत नाही? तर म्हणाला, इथे सगळ्यांनी सांगितलं हलू नका, म्हणून हललो नाही. डॉक्टरांनी हालचालीला कधीच परवानगी दिली होती. ताई ते विचारूनच आल्या होत्या. त्यांनी पलंगाची उंची खुर्चीएवढी करून घेतली. बेकरीवाला डाव्या कुशीवर झाला, हातावर जोर दिला आणि उठून बसला. मामांनी सरसावलेल्या बाह्या हळूच खाली केल्या.

मग ताईंनी धाकटीला बाजूला घेतलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “माझ्याकडे बघून तू हे शिकलीस. आता हेही माझ्याकडे बघूनच शीक. आज डॉक्टरांना पाठ दाखवायची. मी येते बरोबर.”

धाकटीला वाईट वाटलं. इतके दिवस जिच्यासारखं व्हायचं म्हणून राबले, तीच आता नको म्हणते. पण ती गेली. तिचं दुखणं वेळेवर सापडलं होतं. काही आठवडे विश्रांती आणि व्यायाम यांवर निभावलं.

पुढचं सगळं झटपट घडलं असं नाही. फळ्या करून घ्यायच्या तर सुतार हवा, आणि सुताराला परवानगी हवी. नवऱ्याने ओळखीच्या सुताराकडून गुळगुळीत, कडा गोल केलेल्या फळ्या करवून दिल्या. ज्यांना अजिबात हलता येत नाही अशांसाठी यंत्र लागणारच होतं, आणि मेट्रनबाईंचा त्याच्यावर विश्वास नव्हता. वेळ जातो, एवढंच त्या म्हणायच्या. ताईंनी त्यांना विनंती केली की एकदा तुम्हीच बसून बघा. सगळ्यांना वाटलं बाई नाही म्हणतील. बाईंनी चष्मा काढून मामांच्या हातात दिला आणि झोळीत बसल्या.

धाकटीने बटण दाबलं. मेट्रनबाई हळूहळू वर गेल्या. कुणी हसायचं धाडस करेना. बाई वर लोंबकळत थोडा वेळ इकडेतिकडे बघत राहिल्या आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, “पंख्यावर धूळ आहे.” खाली उतरल्यावर चष्मा लावून त्यांनी सांगितलं की मला वर नेण्याआधी वर नेतोय असं कुणी सांगितलं नाही, पेशंटला आधी सांगत जा. म्हणजे बाईंनी यंत्राला परवानगी दिली, हे सगळ्यांना कळलं. पंखाही पुसला गेला.

मामा खांदा कायमचा दुखवून निवृत्त झाले. त्यांच्यासाठी हे सगळं उशिरा आलं, आणि ताईंना त्याची रुखरुख राहिली. एक वयस्क सिस्टर अजूनही कुणी बघत नसलं की पेशंटला उचलून मोकळी होते. तिच्याशी ताईंचे खटके उडतात. पण मेट्रनबाईंच्या म्हणण्याप्रमाणे पाठीच्या दुखण्यापायी सुट्टीवर जाणारे कमी झाले, आणि समोरचा दुकानदार पट्टे पूर्वीइतके मागवत नाही. सासूबाई काठी घेऊन अंगणाच्या फाटकापर्यंत जातात आणि तिथे उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सुनेने आपल्याला कसं ताटकळत ठेवून चालायला लावलं ते सांगतात. तक्रारीच्या सुरात सांगतात, पण तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात.

परवा वॉर्डात एक नवी सिस्टर रुजू झाली. ताई तिला काम दाखवत होत्या. खिडकीजवळच्या पलंगावर एक निवृत्त मास्तर होते, पायाला प्लास्टर, स्वभावाने तिरसट. ताईंनी त्यांना विचारलं, खुर्चीत बसायचं का? मास्तर म्हणाले, नाही बसायचं.

नव्या मुलीचे हात आपोआप पुढे झाले. कामं पडली होती, आणि मास्तर अंगाने किडकिडीत. दोघींनी धरलं असतं तर क्षणात खुर्चीत.

ताईंनी तिच्या मनगटाला हलकेच स्पर्श केला. “बरं मास्तर,” त्या म्हणाल्या, “थोड्या वेळाने विचारते.” आणि स्टूल ओढून खुर्चीशेजारी बसल्या. फळी पलंगाला टेकवून ठेवली. मुलीला म्हणाल्या, तोवर पलीकडच्यांना पाणी देऊन ये.

मास्तरांनी भिंतीकडे तोंड केलं. खुर्चीवर कुणीतरी वर्तमानपत्र ठेवलं होतं. खिडकीतून आलेल्या वाऱ्याने त्याची पानं फडफडत होती आणि ताई ती तळहाताने दाबून ठेवत होत्या. काही वेळाने मास्तरांनी मान वळवून विचारलं की आजचंच आहे का. ताई म्हणाल्या, आजचंच. मास्तर पुन्हा थोडा वेळ पडून राहिले. मग एक हात त्यांनी पलंगाच्या कडेला घातला, गुडघा वाकवला आणि म्हणाले, “ती फळी जरा अलीकडे घ्या.”